यादीत नंबर कितवा?

प्रश्न : मी एसटीच्या जव्हार आगारातून वाहक म्हणून निवृत्त झालो. २०२१ च्या संपात आमच्या तोंडी एकच शब्द होता, विलीनीकरण. साडेपाच महिने आम्ही त्या एका शब्दावर बसून काढले. आता माझा पुतण्या मुंबईच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. तो सांगतो, "काका, आमच्याकडे विमान कंपन्यांचं विलीनीकरण झालं, तर वैमानिकापासून हवाईसुंदरीपर्यंत सगळे आजारपणाच्या रजा टाकून घरी बसले." आम्हाला जे मिळालं नाही म्हणून आम्ही रस्त्यावर बसलो, ते यांना आयतं मिळालं तर हे का रुसले? आणि दोन कंपन्या एक झाल्या, तर पुतण्याच्या पगारात चार पैशांचाही फरक का पडला नाही?
– एक वाचक, मोखाडा

उत्तर : पत्र वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, २००७ साली दिल्लीत कुणी हा प्रश्न इतक्या सरळ विचारला असता तर पुष्कळ पैसा आणि त्याहून जास्त मनस्ताप वाचला असता.

तुमच्या भागाला हा शब्द तसा जुनाच. मुकणे घराण्याचं जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं, ठाणे जिल्ह्यात आलं आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. राजवाडा होता त्याच टेकाडावर राहिला. बदलला तो पगार देणारा हात. नोकरदाराच्या दृष्टीने विलीनीकरणाचा अर्थ एवढाच असतो. नवा हात जुन्यापेक्षा भक्कम वाटला की माणूस विलीनीकरण मागतो, नाही वाटला की त्याला झोप लागत नाही.

तुम्ही मागत होतात ते राज्य सरकारात विलीन होणं. महामंडळाची तिजोरी रिकामी, पगार कधी सात तारखेला तर कधी त्याच्याही पुढे, आणि शेजारचा तलाठी मात्र सातव्या वेतन आयोगात. त्यामुळे तुमच्या मागणीत हिशेब सरळ होता. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या त्रिसदस्य समितीने विलीनीकरण शक्य नाही असा अहवाल दिला, उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि गाड्या सुटल्या. हातात राहिली ती नोव्हेंबर २०२१ मधली मूळ पगाराची वाढ. ती कशी होती आठवतंय? दहा वर्षांच्या आतल्यांना पाच हजार, दहा ते वीस वर्षांवाल्यांना चार हजार आणि वीस वर्षांहून जास्त घासलेल्यांना अडीच हजार. नव्यांचे पगार अगदीच तुटपुंजे होते, म्हणून ते तसं केलं, आणि माझ्या मते बरोबर केलं. पण ज्येष्ठाला कमी आणि कनिष्ठाला जास्त, हे ऐकून तुमच्या आगारात त्या दिवशी चहा गोड लागला नसेल. ती कुरकुर लक्षात ठेवा. विमान कंपन्यांची सगळी गोष्ट त्या कुरकुरीचीच आहे.

आता फरक बघा. तुमचं विलीनीकरण झालं असतं तरी मंत्रालयात तुमच्या जागेवर हक्क सांगणारा कुणी बसलेला नव्हता. महसूल खात्यात वाहक नसतो. विमान कंपन्या एक होतात तेव्हा मात्र एकाच धंद्यातली दोन घरं एका छपराखाली येतात. इकडेही कॅप्टन, तिकडेही कॅप्टन. इकडे मुंबईचा स्टेशन मॅनेजर आहे, तिकडेही आहे. तिकीटविक्री, हिशेब, माणसांचं खातं, सगळं दोन-दोन. खुर्ची एक आणि बसणारे दोन झाले की पहिला प्रश्न पगाराचा येत नाही. तो येतो ज्येष्ठता यादीचा.

ज्येष्ठता यादी म्हणजे काय हे एसटीवाल्याला शिकवायची गरज नाही. नाशिकची दिवसाची फेरी कुणाला आणि पाड्यावर मुक्कामी गाडी घेऊन कुणी जायचं, दिवाळीची रजा कुणाची मंजूर, बदलीचा अर्ज कुणाचा आधी, या सगळ्याच्या मुळाशी ती यादी असते. वैमानिकांचं याहून वेगळं नाही. फर्स्ट ऑफिसर कधी कॅप्टन होणार, लहान विमानावरून मोठ्या विमानावर कधी जाणार, लंडनला कोण जाणार आणि पहाटे चारला उठून नागपूरला कोण, हे यादीतल्या नंबरावर ठरतं. कॅप्टन होणं चार वर्षं लांबलं तर आयुष्यभराच्या कमाईत लाखोंचा फरक पडतो. दोन कंपन्यांच्या दोन याद्या एकमेकींत मिसळायच्या म्हटल्यावर तुमचा तिसावा नंबर एका रात्रीत ऐंशीवा होऊ शकतो. पगार तोच, गणवेश नवा, आणि पुढे पन्नास माणसं जास्त. कागदावर तुमचं काहीच कमी झालेलं नसतं.

हे भांडण विमानांनी आणलेलं नाही. १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना झाली तेव्हा हैदराबाद राज्यातून मराठवाड्याचे, मध्य प्रदेशातून विदर्भाचे आणि जुन्या मुंबई राज्याचे कर्मचारी एका सचिवालयात आले. त्यांच्या सेवाशर्ती केंद्राच्या परवानगीशिवाय त्यांच्या तोट्याच्या दिशेने बदलता येणार नाहीत, असं राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात लिहून ठेवावं लागलं. तरी कोण कुणाच्या वर, यावरचे दावे वर्षानुवर्षं चालले. तुमची एसटीसुद्धा अशीच घडली आहे. मराठवाड्याची आणि विदर्भाची सरकारी बससेवा १९६१ मध्ये तिच्यात आणून मिसळली. म्हणजे विलीनीकरण मागणारं महामंडळ स्वतःच एका विलीनीकरणाचं लेकरू आहे.

आता विमानांकडे येऊ.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात बिघडलेलं विलीनीकरण म्हणजे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचं. दोन्ही सरकारी. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा परदेशी उड्डाणांसाठी एक महामंडळ आणि देशातल्या उड्डाणांसाठी आठ खासगी कंपन्या एकत्र करून दुसरं, अशी ही जोडी जन्मली. चोपन्न वर्षं दोघी वेगळ्या नांदल्या. एकीचं मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला, दुसरीचं दिल्लीत. एकीची मदार बोइंगवर, दुसरीची एअरबसवर. एकीचे वैमानिक समुद्र ओलांडून जायचे, दुसरीचे दिवसातून चार वेळा चढउतार करायचे. भत्ते वेगळे, बढतीचे नियम वेगळे, युनियनही वेगळ्या. एअर इंडियाच्या वैमानिकांचं इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शिअल पायलट्स असोसिएशन.

१ मार्च २००७ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर विलीनीकरण झालं. हवाई वाहतूक मंत्री आपलेच, गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. नव्या कंपनीचं नाव होतं नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया. तीस हजारांहून जास्त कर्मचारी एका छत्राखाली आले, बोधचिन्ह बदललं, विमानं रंगली. ज्येष्ठता यादी मात्र एक झाली नाही. पगारही एक झाले नाहीत. आपल्याकडे लग्नाआधी पत्रिका जुळवतात. इथे अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि पत्रिका बघायला घेतल्या चार वर्षांनी.

या चार वर्षांत काय झालं असेल, कल्पना करा. जव्हारच्या गाड्यांवर अर्धे वाहक महामंडळाचे आणि अर्धे दुसऱ्याच कुठल्या महामंडळाचे, खाकी कपडा एकच, तिकीट एकच, पण महिन्याअखेर हातात येणारी चिठ्ठी वेगळी. असं एक वर्ष तरी निभेल का? २७ एप्रिल २०११ ला इंडियन एअरलाइन्सच्या बाजूचे आठशेच्या आसपास वैमानिक संपावर गेले. मागणी होती, समान कामाला समान पगार. दहा दिवस उड्डाणं कोलमडली. संप मिटला आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. जे काम २००७ च्या आधी व्हायला हवं होतं, त्याचा अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला.

पुढची गंमत तर त्याहून मोठी. मे २०१२ मध्ये दुसऱ्या बाजूने, म्हणजे मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांनी काम थांबवलं. कारण होतं बोइंग ७८७, ड्रीमलायनर. ही विमानं एअर इंडियासाठी मागवलेली, तेव्हा त्यांचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना दिलं तर कॅप्टन होण्याची आपली पाळी लांबेल, असं त्यांचं म्हणणं. कंपनीने युनियनची मान्यता काढली, शंभरावर वैमानिकांना बडतर्फ केलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. अट्ठावन्न दिवस हे चाललं आणि जुलैच्या सुरुवातीला मिटलं. एअर इंडियाच्या ताफ्यात पहिलं ड्रीमलायनर आलं ते त्यानंतर, सप्टेंबर २०१२ मध्ये. जे विमान अजून देशात उतरलंच नव्हतं, त्याच्या खिडकीजवळच्या खुर्चीवरून दोन महिने भांडण!

वैमानिक हट्टी होते, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. लठ्ठ पगाराची माणसं संप करतात याचा लोकांना राग येतो, आणि त्या उन्हाळ्यात तिकीट काढून अडकलेल्यांना तर यायलाच हवा. पण मला दोष वैमानिकांपेक्षा कारभाऱ्यांचा वाटतो. याद्या आधी जुळवायच्या, मग पाटी बदलायची, इतकं साधं होतं ते. विमानं एकत्र करणं सोपं, कारण विमानाला आपला नंबर कितवा हे कळत नाही.

या विलीनीकरणात मुंबईकराच्या मनात आणखी एक धास्ती होती, ती दिल्लीला बदली होण्याची. पुढे २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलंच. नरिमन पॉइंटची ती तेवीस मजली इमारत आता महाराष्ट्र सरकारने १६०१ कोटींना घेतली आहे. मुलं दादर-पार्ल्याच्या शाळेत, आईवडील म्हातारे, बायकोची नोकरी महापालिकेत, अशा माणसाला विलीनीकरणाच्या पत्रकातली शेअरची भाषा वाचून काय करायचं? तो शोधतो ते "कामाचं ठिकाण" हे दोन शब्द.

जाता जाता एक जुनी आठवण. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेज आणि किंगफिशर यांनी हातमिळवणी जाहीर केली. लग्नसुद्धा नव्हे, नुसता साखरपुडा. दोन दिवसांत जेटने एकोणीसशे जणांच्या नोकऱ्या घालवायचं ठरवलं, त्यातल्या आठशेच्या आसपास केबिन क्रूला घरी बसवलं. गणवेशातली ती तरुण मुलंमुली रडत राज ठाकरे यांच्याकडे गेली, जेटचं विमान महाराष्ट्रातून उडू देणार नाही असा इशारा मिळाला आणि दुसऱ्या रात्री नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. त्या मुलांपैकी बहुतेकांकडे युनियनच नव्हती. युनियन नसली की माणूस नेत्याच्या दारात जातो, आणि नेत्याचं दार रोज उघडं नसतं. किंगफिशर २०१२ मध्ये पगार थकवून बंद पडली, जेट एप्रिल २०१९ मध्ये.

मग टाटा आले. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया सरकारकडून टाटांकडे गेली, तेव्हा तिच्यात बारा हजारांच्या आसपास कर्मचारी उरले होते, त्यातले चार हजार कंत्राटी. विक्रीच्या अटींत एक वर्ष कुणाला काढायचं नाही, त्यानंतर कमी करायचेच झाले तर स्वेच्छानिवृत्ती द्यायची, असं होतं. नोकरी वाचली, पण कलिन्याची वसाहत सोडायची वेळ आली. विमानतळाला खेटून असलेली ती एअर इंडिया कॉलनी म्हणजे दोन-तीन पिढ्यांचं गाव होतं. जमीन विमानतळ प्राधिकरणाची, घरं कंपनीच्या कामगारांना दिलेली. कंपनी खासगी झाली, मग घर कसलं? युनियन मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, थोडी मुदतवाढ मिळाली, घरं मिळाली नाहीत. नोकरीबरोबर घर, दवाखाना, शाळा असं सगळं जोडलेलं असतं, आणि करारात मात्र नोकरी एवढीच एक ओळ येते.

आता तुमचा पुतण्या ज्याबद्दल सांगतोय त्या २०२४ कडे येऊ. टाटांकडे एकाच वेळी चार विमान कंपन्या झाल्या होत्या. त्यांच्या दोन केल्या. एअरएशिया इंडिया, जिचं नाव तोवर एआयएक्स कनेक्ट झालं होतं, ती १ ऑक्टोबर २०२४ ला एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली. विस्तारा ही सिंगापूर एअरलाइन्सबरोबरच्या भागीदारीतली कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात गेली.

विस्ताराच्या वैमानिकांना महिन्याला सत्तर तासांच्या उड्डाणाचा पगार हमखास मिळे, उडा अगर न उडा. विलीनीकरणाच्या तयारीत एअर इंडियासारखीच रचना लागू केली, तिच्यात हमी चाळीस तासांची. वर जितकं उडाल तितकं मिळेल, पण उड्डाणं देणं कंपनीच्या हातात. नव्या फर्स्ट ऑफिसरला याची झळ सगळ्यात जास्त. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये रजा वाढल्या, आजारपणं वाढली, विस्ताराला रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली. उलट बाजूचीही कुरकुर होती. जुन्या एअर इंडियात निवृत्तीचं वय अट्ठावन्न, विस्तारात साठ. एकाच कॉकपिटमध्ये बसलेले दोघं, एकाला दोन वर्षं जास्त. हा तिढा सुटायला २०२५ उजाडलं, तेव्हा एअर इंडियाने वैमानिकांचं वय पासष्ट आणि जमिनीवरच्यांचं साठ केलं. जमिनीवरच्या, म्हणजे न उडणाऱ्या कर्मचाऱ्यांना दरम्यान स्वेच्छानिवृत्तीची पत्रं गेली. दोन-दोन असलेल्या खुर्च्या कमी करायच्या त्या इथेच.

एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये मे २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात केबिन क्रूचे दोनशेहून जास्त जण एकदम आजारी पडले. शंभराहून अधिक उड्डाणं रद्द. कंपनीने पंचवीस जणांना काढून टाकलं. भारतीय मजदूर संघाशी जोडलेल्या त्यांच्या युनियनचं म्हणणं असं की, विलीनीकरणात आम्हाला दुजाभावाने वागवतात. ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर दोन्ही बाजू बसल्या, पंचवीस जण परत आले, क्रू कामावर गेला.

तुम्ही विचाराल, संप म्हणायला यांना लाज वाटते का, हे सारखे आजारी का पडतात? यात कायद्याची मेख आहे. औद्योगिक विवाद कायद्यात हवाई वाहतूक ही सार्वजनिक उपयोगाची सेवा धरलेली होती. नोटीस दिल्याशिवाय संप केला तर तो बेकायदा, आणि नोटीस दिली की समेटाची बोलणी सुरू होतात व ती चालू असेपर्यंतही संप बेकायदा. म्हणून थर्मामीटर काढायचा. नव्या औद्योगिक संबंध संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, नोटिशीची अट सगळ्याच आस्थापनांना आली आहे आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकदम रजा टाकणं हाही संपच धरला आहे. त्यामुळे थर्मामीटरचा उपयोग यापुढे तितका व्हायचा नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर एक कलम सांगतो. जुन्या कायद्यात २५ एफएफ नावाचं कलम होतं, आशय नव्या संहितेतही तोच आहे. उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तीन गोष्टी पाळाव्या लागतात. कामगाराची सेवा खंडित होऊ नये, शर्ती आधीपेक्षा वाईट होऊ नयेत, आणि पुढे कधी काढलं तर जुनी वर्षं धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाची. यातली एक जरी मोडली तर एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला छाटणीची भरपाई मागता येते. नीट वाचलंत तर लक्षात येईल की यात यादीतल्या नंबराचा एक शब्द नाही. नंबर घसरणं म्हणजे शर्त वाईट होणं की नाही, यावर वकिलांचे बंगले उठतात.

आता पुतण्या. खरं तर पत्रातला हा भाग आधी घ्यायला हवा होता, कारण वैमानिकाचं दुःख कळायला यादी लागते आणि तुमचा पुतण्या कुठल्या यादीतच नाही.

विमानात सामान चढवणारा लोडर बहुधा विमान कंपनीचा नोकर नसतो. विमान कंपनी हे काम ग्राउंड हँडलिंग कंपनीला देते, ती कंपनी पुष्कळदा माणसं ठेकेदाराकडून घेते. वर दोन विमान कंपन्या एक झाल्या तर ठेकेदाराचा करार एकाऐवजी दुसऱ्याशी होतो, इतकंच. पोटातली बॅग तीच, पट्टा तोच, गळ्यातला पास नव्या रंगाचा. तुमच्याकडे दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबं उचल घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे भट्टीचा मालक बदलला तरी नेणारा मुकादम तोच राहतो. विमानतळावर उलटं आहे. भट्टी तीच, मुकादम दर दोन-तीन वर्षांनी नवा. दोन्हीकडे माणसाची सेवा मात्र दरवेळी शून्यापासून सुरू होते. ग्रॅच्युइटीसाठी वर्षानुवर्षं एका मालकाकडे सलग पाच वर्षांची अट होती. मुकादमच तीन वर्षांनी बदलत असेल तर पाच कधी भरणार? त्याला भरपाई नाही, स्वेच्छानिवृत्ती नाही, ज्येष्ठता नाही. म्हणून विलीनीकरणाने त्याच्या पगारात फरक पडला नाही. तो विलीन झालाच नाही.

आणि तरी त्या कामाला किती माणसं उभी आहेत बघा. १६ जुलै २०२४ ला कलिन्यात एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसने थेट मुलाखती ठेवल्या होत्या. टाटांकडे न गेलेली, अजून सरकारकडेच असलेली ही ग्राउंड हँडलिंग कंपनी. जागा दोन हजारांच्या आसपास, पगार वीस-पंचवीस हजार, नोकरी ठरावीक मुदतीची. हजारोंची रांग लागली, चेंगराचेंगरीची वेळ आली, शेवटी अर्ज ठेवून जा म्हणून सांगावं लागलं. पहाटेची गाडी पकडून जव्हार-विक्रमगडकडची पोरंही त्या रांगेत गेली असतील, तर मला नवल वाटणार नाही. मे २०२५ मध्ये मूळच्या तुर्की सेलेबी या कंपनीची सुरक्षा परवानगी केंद्राने काढून घेतली, तेव्हा मुंबईतलं तिचं काम एका फटक्यात दुसऱ्या कंपन्यांकडे गेलं. माणसं सामावून घेऊ, असं आश्वासन तेव्हा दिलं गेलं. सामावून घेताना मागची वर्षं धरली का, हे ज्याने त्याने आपल्या नेमणूकपत्रात बघायचं.

पुतण्याने काय करावं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण निवृत्त वाहक पुतण्याची गोष्ट उगाच लिहीत नाही, म्हणून सांगतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो भरण्याची जबाबदारी ज्याच्यासाठी काम चाललं त्या मुख्य मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून ही तरतूद आहे आणि नव्या कामगार संहितांतही ती ठेवली आहे. मुदतीवर थेट नेमलेल्या कामगाराला आता एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हिस्सा मिळतो, पण तो मुदतीच्या नेमणुकीवर आहे की ठेकेदाराच्या हजेरीवर, हे कागदावरच कळेल. तक्रार करायची झाली तर पालघरच्या किंवा ठाण्याच्या राज्य कामगार कार्यालयात हेलपाटे घालू नका. हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते, म्हणून जायचं ते केंद्राच्या प्रादेशिक कामगार आयुक्तांकडे, मुंबईत. पगाराच्या चिठ्ठ्या, जुने पास, नेमणूकपत्रं, काही टाकून देऊ नका. ठेकेदार बदलला की आधीचा पास परत मागतात. द्यायच्या आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आणि पुढच्या सुट्टीला तो घरी आला की त्याचं पीएफचं पासबुक उघडून बघा. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच आहे, की प्रत्येक ठेकेदाराने वेगवेगळा काढलाय? जितके निघतील तितके मोजून आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ते एकत्र कसे करायचे ते लिहितो.